बाभळीच्या चाकांची मोटर

श्रावण उतरणीला लागला की बोर्डिंगच्या खिडकीतून येणारा वारा बदलतो. इथे अमरावतीला आमच्या खोलीपासून शेतं दूर आहेत, तरी दुपारी दोन घटका ऊन पडलं की जमिनीची वाफ आत येते. इतर मुलांना त्या वाफेत काय आठवतं मला ठाऊक नाही. मला एरंडेल तेलाचा आणि भिजलेल्या कातड्याचा वास येतो. पोळा जवळ आल्याचं मला पंचांगाआधी त्या वासानं कळतं.

परवा संध्याकाळी खोलीत वाहनांच्या गोष्टी निघाल्या. एकाच्या घरी मोठी बंद मोटर आहे, पेट्रोलच्या कुपनांमुळे ती सध्या झाकून ठेवली आहे. दुसऱ्याच्या घरी दमणी आहे, हलकी बैलगाडी, पितळेच्या घुंगरांची, वर रंगीत छत असलेली. मग सगळे माझ्याकडे वळले.

"आमच्याकडे दमणी आहे," मी म्हणालो.

हे खोटं होतं. मोटर आहे असं सांगण्यासाठी लोक खोटं बोलतात. मी मोटर असूनही ती नाही असं भासवण्यासाठी बोललो. त्या रात्री अभ्यासात लक्ष लागलं नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे इथे काय सांगायचं आणि काय झाकायचं याचा हिशोब मी फार करतो. हा हिशोब चुकला आहे, एवढं नक्की. म्हणून हे लिहितो आहे.

दमणी आमच्याकडे होती, हे मात्र खरं. माझे वडील आसेगावचे सुतार, आणि त्यातही चाकांचे सुतार. पंचक्रोशीतल्या बैलबंड्यांची चाकं त्यांच्या हातची. माझ्या थोरल्या बहिणीचं, जनाताईचं, लग्न ठरलं तेव्हा त्यांनी तिला आणण्या-नेण्यासाठी म्हणून एक दमणी बांधायला घेतली. दोन पावसाळे ती आमच्या मांडवाखाली हळूहळू आकाराला येत होती. मी शाळेतून आलो की तिच्या जुवावर बसून गणितं करायचो. ती पुरी झाली आणि महिन्याभरात गेली.

झालं असं, की मंगरूळच्या एका कापूस दलालाची मोटर आमच्या दारासमोर एका अंगाला बसली. ती जुन्या घडणीची, उंच, उघडी मोटर होती. वर कापडी टप, आणि चाकांना लोखंडी तारांच्या जागी लाकडी आरे. त्यांतले तीन आरे मोडले होते. दलाल वैतागून उभा होता. बाबांनी चाक उतरवलं, मोडका आरा नाकाशी नेला, नखानं खरवडला आणि म्हणाले, "लाकूड परदेशी हाये. पन आपल्या बाभळीपुढं काय नाई."

दुसऱ्या दिवशी बाभळीचे तीन आरे बसले. दलालाची नजर मात्र दमणीवर खिळली होती.

"मिस्त्री," तो म्हणाला, "ही मोटर माह्या जिवाले लागली. दर आठ दिवसांनी रुसते. ही घ्या, अन् ते दमणी मले द्या."

बाबांनी विचार केला तो पानाचा विडा रंगेपर्यंतच. मग "घ्या," म्हणाले.

गावात दुसऱ्या दिवसापर्यंत ठरलं की सुतार येडा झाला. आमच्या घरात माय चार दिवस बाबांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच: "पोरीले आनाले दमणी ठेवली होती. आता तिले काय इंजनावर बसवून आनता?"

बाबांनी एकेक करून चारही चाकांचे सगळे आरे बाभळीचे केले.

इंजिनाचं त्यांना काही कळत नव्हतं. ते काम गफूरचाचांचं. चाचा मंगरूळच्या कापसाच्या जिनमध्ये फिटर होते आणि बाबांचे जुने दोस्त. दर शुक्रवारी नमाज झाला की ते आमच्याकडे यायचे, मोटरीखाली आडवे व्हायचे आणि खालूनच गप्पा मारायचे. लाकूड बाबांचं, लोखंड चाचांचं, अशी वाटणी होती. एखाद्या आवाजावरून भांडण जुंपायचं. "हा आवाज तुह्या लाकडाचा हाये, मिस्त्री." "गफूर, माहं लाकूड बोलत नाई. तुहं लोखंड खोटं बोलून राह्यलं."

लोकांनी तिला 'बाभळीची मोटर' म्हणायला सुरुवात केली, आणि पोरांनी 'काटेरी'. मला त्या नावाची लाज वाटायची. शाळेतले मित्र रस्त्यात दिसले की मी सीटवर खाली सरकायचो. पण आज, बाभळीची मोटर पेट्रोलवाचून चार ओंडक्यांवर उभी असताना, मला सगळ्यात जास्त आठवतात ते तिच्यातले ते साधे प्रवासच.

तिच्यात बसलं की ज्वारीच्या वरून दिसायचं. बंद मोटरीत माणूस पेटीत बसल्यासारखा बसतो. आमच्या मोटरीत वाटेतल्या प्रत्येकाशी बोलता यायचं, आणि ती इतकी सावकाश जायची की बोलणं पुरंही व्हायचं. तिच्यात कोणी नुसता प्रवासी नसायचा. मी हँडल मारायचो. मायकडे पाण्याची कळशी असायची, कारण दर दोन कोसांवर मोटरीला पाणी पाजावं लागे. बाबा सीटच्या कडेला वाकून चाकांचा आवाज ऐकत बसायचे. बिघडली तर ती कोणापासून काही लपवायची नाही. झाकण उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. कातड्याचा पट्टा तुटला तर चांभाराकडून, लाकूड मोडलं तर घरातूनच. असं वाहन आपलं वाटतं, कारण त्यातला निम्मा भाग आपण केलेला असतो. मला हे नीट सांगता येतं आहे की नाही कोण जाणे. नव्या वस्तूचा आपल्याला अभिमान वाटतो. दुरुस्त करत करत वापरलेल्या वस्तूशी मात्र आपली ओळख होते, आणि ओळखीची सर अभिमानाला नाही.

पण हे शहाणपण मला आज सुचतं आहे. मी सांगतो आहे त्या पोळ्याच्या दिवसांत मी मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि मला फक्त लाज सुचत होती.

त्या वर्षी जनाताईला दिवस होते. पहिलटकरीण माहेरी यायची. तिचं सासर मानोऱ्याच्या पलीकडे. आषाढ सरताना आणायचं ठरलं आणि पाऊस लागला तो तीन आठवडे हललाच नाही. नाले भरून वाहत होते. श्रावणी अमावास्येला, म्हणजे पोळ्याला, तिचा सातवा महिना संपत होता. आठव्यात पोटुशी बाई घराबाहेर काढत नाहीत, त्यातच पितृपक्ष, आणि नवव्यात तर प्रवासच नको. तेव्हा अमावास्येआधी ताई आली तर आली, नाहीतर तिचं पहिलं बाळंतपण सासरीच. तिथे तिला सासू नव्हती. घरात सासरा, नवरा आणि दोन दीर. माय देवापुढे बसून काही मागत नसे, नुसती बसत असे.

अमावास्येच्या आधी चार दिवस पाऊस उघडला. आदल्या दिवशी पहाटे बाबा, चाचा आणि मी मोटर घेऊन निघालो. मायनं मागच्या सीटवर तीन गोधड्या अंथरल्या.  बहिणीला आणायला जाणारा भाऊ म्हणजे मुऱ्हाळी, तो मान माझा होता. मी धुतलेली टोपी घातली होती.

इवाई, म्हणजे बाबांचे व्याही, ताईचे सासरे, दारातच उभे होते. तेही सुतारच, पण इमारतीचे. त्या गावच्या देशमुखांचा वाडा त्यांनी बांधला होता आणि त्याचा एक वासा त्यांच्या मानेत कायमचा बसला होता. त्यांनी आमच्या मोटरीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"इवाई, चहा घ्या. पन सून याच्यात नाई बसायची."

"काहून?" बाबांनी विचारलं.

"काहून म्हनजे? या काटेरी गाडीत? लोकं म्हनतीन, याच्यापरीस बंडीत घातली असती. देशमुखायची मोटर मागून ठेवली हाये म्या. ड्रायवरसंगट. म्या सोता पोचवतो तिले तुमच्या दारी. गेली तर त्याच मोटरीत जाईन."

वाड्याच्या बाजूला खरंच ती उभी होती. काळी, रुंद, काचांची, आत मखमल. ड्रायव्हरला टोपी होती. चाचांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि परत येऊन बाबांच्या कानाशी म्हणाले, "बेगम हाये, मिस्त्री. पायात चिखल लागला तं रडंन."

बाबा म्हणाले, "पोरगी सुखानं घरी पोचली पाह्यजे. कोन्या गाडीत, त्याचं मले काय नाई." मग माझ्याकडे वळले. "तू कुठं बसतं?"

"ताईसंगं," मी म्हणालो. "मुऱ्हाळी हाये ना मी."

उत्तर बरोबर होतं. रीतीला धरून होतं. पण ते मी ज्या घाईनं दिलं ती घाई रीतीची नव्हती. मला मखमलीवर बसायचं होतं, आणि मानोऱ्याच्या बाजारातून जाताना काचेआडून बाहेर पाहायचं होतं. बाबांनी आपल्या मोटरीतल्या गोधड्यांपैकी दोन काढून ताईसाठी माझ्या हातात दिल्या.

पुढे काळी मोटर, मागे आमची. मी बाजारातून जाताना काचेतून पाहिलं, आणि मला कोणीही ओळखीचं दिसलं नाही. ताईचा हात पोटावर होता, आणि ती मागच्या छोट्या काचेतून बाबांची मोटर येते आहे का ते पाहत होती. मी मागे एकदाही पाहिलं नाही.

मानोरा सोडल्यावर दोन कोसांवर एक नाला आहे. सकाळी आमची हलकी मोटर तो पार करून आली होती. पाणी उतरलं होतं. काळी माती वरून वाळून पापुद्रे आले होते. आत मात्र ती लोण्यासारखी. ज्याला काळ्या रानाची सवय आहे तो अशा मातीवर विश्वास ठेवत नाही. देशमुखांच्या ड्रायव्हरनं ठेवला. पाणी ओलांडून मोटर पलीकडच्या गाळात शिरली, एकदा गुरगुरली आणि दाराखालच्या पायरीपर्यंत बसली. ड्रायव्हरनं जोर केला तशी चाकं स्वतःची विहीर खणू लागली.

काठावर बंजाऱ्यांचा तांडा होता. पाच-सहा माणसं आली. इवाई चिखलात उतरून ओरडले, "अरे, बैलं आना! दोन जोड्या आना!"

तांड्याच्या नाईकानं डोक्यावरचं पागोटं नीट केलं. "बैलं हाये, मालक. पन खांदे मळले."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून पळसाच्या पानानं मळतात आणि त्याला उद्याचं जेवणाचं आवतन देतात. एकदा खांदे मळले की पोळा सरेपर्यंत त्या खांद्यावर जू नाही. हे इवाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ते म्हणाले, "पोटुशी बाई हाये आत. काय पाह्यजे ते मांग."

"बाई आमची पन लेक हाये," नाईक म्हणाला. "तिले उचलून नेतो म्हना, नेतो. पन बैलाले जेवाले बोलावलं मालक. बोलावल्या पावन्याच्या मानेवर जू ठेवू?"

इवाईंची मान पहिल्यांदा खाली गेली. पश्चिमेला आभाळ भरून येत होतं. सगळ्यांनी मिळून ढकललं, आणि मोटर आणखी वीतभर खाली गेली. ताई आत तशीच बसली होती. तिच्या पावलांशी पाणी आलं होतं. तेव्हा मला कळलं की अंधार पडेपर्यंत काही झालं नाही तर अमावास्या ताईला इथेच गाठणार, आणि मग तिला परत न्यावं लागेल, सासू नसलेल्या घरात.

मागून आमच्या मोटरीचा आवाज थांबला. बाबा उतरले. त्यांनी एक काठी घेतली आणि पाण्याकडेच्या गवतात टोचत टोचत चालले. मग थांबले, दोन पावलं सरकले, पुन्हा टोचली.

"गफूर, इथं बंड्याइची जुनी वाट हाये. खालून कडक हाये."

बाबांनी आयुष्यभर ज्या चाकांच्या जोड्या बांधल्या त्यांच्यातलं अंतर त्यांच्या हातात होतं, आणि आमच्या मोटरीची चाकं नेमकी तेवढ्याच अंतरावर होती. अरुंद आणि उंच. चाचांनी तिला त्या चाकोरीत घातलं. पोरं जिला 'काटेरी' म्हणून हसायची ती बंडीसारखीच, न घसरता, काळ्या मोटरीच्या शेजारून पलीकडे गेली. तांड्यातल्या दोन बायांनी ताईचे हात धरून तिला दगडांवरून चालवत आणलं. ती आपल्या मोटरीत बसली, उरलेल्या एका गोधडीवर, आणि तिनं सीटच्या लाकडी कडेवरून हात फिरवला.

पुढे नाल्याचा चढ होता. चाचांनी मोटर फिरवली आणि तिचं तोंड पुन्हा नाल्याकडे केलं.

इवाई घाबरले. "आता हे उलटी काहून करून राह्यले? परत नेता का काय?"

"नाई नाई," चाचा म्हणाले. "पेट्रोल सीटखाली हाये. सरळ चढली तं इंजनाले पोचत नाई. म्हनून उलटी चढते. अन् अदब बी हाये तिले, इवाई. सासऱ्याकडं पाठ नाई करत."

नाईक मोठ्यानं हसला. इवाईसुद्धा, इच्छा नसताना, थोडे हसले.

असा चढ असला की एक जण मोठा दगड घेऊन मोटरीबरोबर पायी चालतो. ती थांबली की दगड चाकाला लावायचा, म्हणजे घरंगळत नाही. हे काम नेहमी माझं होतं, आणि मला त्याची सगळ्यात जास्त लाज वाटायची. मी काळ्या मोटरीपाशी उभा होतो. माझी धुतलेली टोपी चिखलानं भरली होती.

"बाबा, मी..." मी म्हणालो.

"मुऱ्हाळी," बाबा म्हणाले, "दगड घे."

मी घेतला. आणि मग एक गोष्ट झाली जी मी कधी विसरणार नाही. इवाईंनी धोतर खोचलं, इकडेतिकडे पाहिलं आणि दुसऱ्या चाकासाठी एक दगड उचलला.

मोटर पाठमोरी चढत होती आणि आम्ही दोघं तिच्या तोंडासमोरून, दगड पोटाशी धरून, पावलापावलानं वर जात होतो. म्हणून मला सगळे समोर दिसत होते. चाचा मान मागे वळवून चालवत होते. बाबा बाहेर वाकून चाकाचा आवाज ऐकत होते. आणि मागे ताई. ती सासऱ्याकडे पाहत होती, त्यांच्या हातातल्या दगडाकडे, आणि तिनं तोंडाला पदर लावला. आधी मला वाटलं ती रडते आहे. पण तिचे खांदे हलत होते ते हसण्यानं. सकाळपासून ती पहिल्यांदा हसली होती. दोनदा मोटर थांबली, दोनदा आम्ही दगड लावले. तिसऱ्यांदा ती थांबली नाही.

काळी मोटर ड्रायव्हरसह तांड्यावर सोडून आम्ही इवाईंसकट घरी पोचलो तेव्हा दिवे लागत होते. गल्लीत बैल उभे होते, हळदीनं पिवळे झालेल्या खांद्यांचे. मायनं ताईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. आम्ही सुतार, आमच्या घरी बैल नाहीत. खांदमळणीला आम्ही दुसऱ्यांचे बैल पाहतो, एवढंच.

"इहीन," इवाई अंगणातून म्हणाले. पाय धुवायलाही ते थांबले नव्हते. "घरात लोनी-हळद असंन तं आना. हिचे खांदे मळा."

मायनं आधी बाबांकडे पाहिलं, मग मोटरीकडे. वाटीत लोणी-हळद कालवून आणली. शेजारून पळसाचं पान मागितलं. आणि ज्या मोटरीला तिनं आजवर पाण्याच्या कळशीशिवाय काही दिलं नव्हतं, तिच्या बाभळीच्या आऱ्यांवरून ते पान फिरवत म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दमणीचा विषय आमच्या घरात त्या दिवशी संपला.

कार्तिकात ताईला मुलगी झाली. ती आता तीन वर्षांची आहे आणि सुट्टीत आली की ओंडक्यांवरच्या मोटरीत बसून मानोऱ्याला जाऊन येते. बाबा दर आठवड्याला चाकं हातानं फिरवतात, एका अंगावर बसू नयेत म्हणून. चाचा शुक्रवारी येतात, झाकण उघडतात, काही बिघडलेलं नसतं, तरी भांडण होतं. दर वर्षी खांदमळणीला मोटरीला आवतन असतं. इवाईंचा निरोप येतो: हिचे मळले का?

बाबांनी इवाईंच्या दारातल्या त्या सकाळीबद्दल मला कधी काही विचारलं नाही. 'तू कुठं बसतं?' एवढंच त्यांनी विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर मी तेव्हा देऊन बसलो होतो. परवा बोर्डिंगमध्ये मी तेच उत्तर पुन्हा दिलं, फक्त शब्द वेगळे होते.

आज सकाळी जेवणघरात सगळे बसले असताना मी सांगितलं.  "परवा मी खोटं बोललो. आमच्याकडे दमणी नाही. मोटर आहे. तिची चाकं बाभळीची आहेत, माझ्या वडिलांनी केलेली. चढावर ती उलटी चढते."

सगळे हसले. मलाही हसू आलं. मग दमणीवाल्या मुलानं, चेष्टेनं नव्हे, खरंच कळून घ्यावं म्हणून विचारलं, "आणि उलटी चढते तेव्हा तू कुठे बसतोस?"

"मी बसत नाही," मी म्हणालो. "मी दगड घेऊन बरोबर चालतो."